माहेर लॅटिन, सासर ग्रीक: नर्सिंगच्या एका मुलीचं प्रकरण

हे प्रकरण नाशिकमधल्या एका मुलीचं आहे, बीएस्सी नर्सिंग फर्स्ट इयर. तिला विचारूनच लिहितेय, पण तिचं नाव आणि कॉलेज देत नाही. मूळची चांदवड तालुक्यातली, घरी कांद्याची शेती, दहावीपर्यंत पूर्ण मराठी माध्यम, बारावी सायन्स झाली पण तिथेही पुस्तक इंग्रजी आणि शिकवणं मराठीत असंच चाललं. आता पंचवटीत मावशीकडे राहते. मी ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते, म्हसरूळला राहते, आणि संध्याकाळी ओळखीतली दोन-चार मुलं घरी येऊन बसतात त्यात ती यायला लागली. आमच्याकडून दिंडोरी रोडलाच महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, १९९८ साली स्थापन झालेलं, राज्यातल्या बऱ्याचशा मेडिकल आणि नर्सिंग कॉलेजांच्या परीक्षा तिथून चालतात, त्यामुळे या भागात अशी मुलं मुली खूप दिसतात आणि सगळ्यांची अडचण साधारण एकच असते.

अडचण काय ते आधी नीट सांगते, कारण बरेच जण याला इंग्रजी कच्चं आहे असं म्हणून मोकळे होतात. तिला विषय कळत होता. किडनीत रक्त कसं गाळलं जातं, काय परत शोषलं जातं, लघवीत काय जातं, हे ती मराठीत इतकं स्वच्छ सांगायची की मी माझ्या बारावीच्या मुलांना तिच्यासमोर बसवलं असतं. पण कागदावर ग्लोमेरुलोनेफ्रायटिस दिसला की गप्प. तिच्या पुस्तकात प्रत्येक मोठ्या शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलने देवनागरीत उच्चार लिहिलेला आणि मागच्या पानावर अर्थ, आणि ती ते सगळं अख्खंच्या अख्खं पाठ करत होती, म्हणजे नेफ्रायटिस वेगळा पाठ, नेफ्रेक्टमी वेगळा पाठ, नेफ्रोलॉजी वेगळा पाठ. तिन्हीत नेफ्रो, म्हणजे किडनी, तोच आहे हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. अशाने शब्द वाढतच जातात आणि मुलगी रडकुंडीला येते. मावशीला तर ती एकदा म्हणाली होती की मी कांदे काढायला परत जाते, हे माझ्याच्याने होणार नाही.

मूळ धातू शिकवायचे हे लगेच ठरलं. मेडिकलचे बहुतेक जोडशब्द थोड्याशाच ग्रीक आणि लॅटिन तुकड्यांवर उभे आहेत, ते तुकडे आले की न पाहिलेला शब्दही फोडता येतो. मी तिला यादी दिली. यादीचंही तेच झालं, चार दिवस राहिली आणि गेली. मग कविता करायचं तिनेच काढलं. तिला शाळेपासून चारोळ्या लिहायची सवय, वहीच्या कडेला काहीतरी लिहिलेलं असायचंच. पहिली जी करून आणली ती अशी:

कार्डिओ म्हणजे हृदय हाय,
पोडो म्हणजे आपला पाय,
डर्मा म्हणजे वरची कातडी,
एंटेरो म्हणजे आतडी नि काय!

म्हणायला मजा येत होती, तिची मावसबहीणही म्हणायला लागली. पण मी मधूनच विचारलं, एंटेरो म्हणजे काय गं? तर तिला कार्डिओपासून म्हणत म्हणत शेवटच्या ओळीपर्यंत यावं लागलं, तेव्हा कुठे उत्तर मिळालं. म्हणजे तिला ओळींचा क्रम पाठ झाला होता, शब्द नव्हता झाला. आणि पाय नि हाय हे यमक काय कामाचं, त्यात पायाला काय झालंय, पोडो कुठल्या शब्दात येतो, काहीच नाही. इथे मला असं स्पष्ट वाटतं की यमक जुळवून केलेल्या याद्या, ज्या कोचिंग क्लासवाले छापून देतात, त्या फारशा कामाच्या नसतात. यमकामुळे ओळ आठवते, पण त्या ओळीत काही घडत नसेल तर ती आठवून उपयोग काय.

म्हणून आम्ही नियम केला. एका कवितेत एकच तुकडा, फार तर एक जोडी. कुणाला तरी काहीतरी झालं पाहिजे, म्हणजे पेशंट पाहिजे. आणि तो तुकडा ज्या खऱ्या शब्दात लागतो तो शब्द कवितेत आलाच पाहिजे.

शेवटच्या प्रत्ययांवर तिने जी चारोळी केली ती मला अजून सगळ्यात नीटस वाटते:

टोमी म्हणजे चिरणं फक्त,
एक्टमी म्हणजे काढून टाकणं,
स्टोमी म्हणजे तोंड करून
बाहेर वाट उघडी राखणं.

ग्रीकमध्ये टोमे म्हणजे काप, एक् म्हणजे बाहेर, म्हणून एक्टोमे म्हणजे कापून बाहेर काढणं, आणि स्टोमा म्हणजे तोंड. गॅस्ट्रोटॉमी, गॅस्ट्रेक्टमी, गॅस्ट्रोस्टॉमी हे तीन शब्द वाचताना भल्याभल्यांची गडबड होते, आणि तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत, जठर चिरलं, जठर काढलं, जठराला बाहेरून तोंड केलं. वॉर्डमध्ये स्टोमा असलेला पेशंट बघितला की हे पक्कंच होतं. पण यात पेशंट नाही मग नियम मोडला, असं तीच म्हणाली, आणि मी म्हटलं असू दे, चार ओळींत तीन ऑपरेशन आलीत.

यानंतर तिने जो प्रश्न विचारला त्यावर हे सगळं प्रकरण फिरलं. एका किडनीला दोन दोन नावं कशाला, मॅडम? रक्तवाहिनी रीनल आर्टरी आणि आजार नेफ्रायटिस. फुप्फुसाची वाहिनी पल्मोनरी आणि आजार न्यूमोनिया. मी तिला सांगितलं ते असं. जुन्या युरोपात वैद्यकाची भाषा ग्रीक होती. हिपोक्रॅटिस हा ग्रीक वैद्य इसवी सनाच्या आधीचा, दुसरा मोठा वैद्य गॅलन इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला आणि रोममध्ये राहून लिहीत असला तरी लिहायचा ग्रीकमध्येच. त्यामुळे आजारांची आणि उपचारांची बरीच नावं ग्रीक मुळांवरून झाली. पुढे सोळाव्या शतकात शरीर फाडून नीट बघून शरीररचना नव्याने लिहिली गेली, व्हेसॅलियस या शरीररचनेच्या अभ्यासकाचं काम १५४३ सालचं, तेव्हा युरोपातल्या विद्वानांची भाषा लॅटिन होती म्हणून अवयवांची नावं लॅटिनमध्ये बसली. १८९५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात शरीररचनेच्या नावांची एक मान्य यादी केली ती पण लॅटिनमध्येच. म्हणून ढोबळमानाने अवयव सांगायचा तर लॅटिन, आणि तो बिघडला की ग्रीक.

ती ऐकत होती आणि मधेच म्हणाली, म्हणजे माहेरचं नाव आणि सासरचं नाव. तिच्या आजीचं लग्नात नाव बदललेलं, माहेरची माणसं एका नावाने हाक मारणार, सासरची दुसऱ्या. (ही प्रथा मला स्वतःला अजिबात आवडत नाही, पण तो वेगळा विषय.) तिला चारोळी सोडून एकदम ओवीच सुचायला लागली कारण आजीच्या जात्यावरच्या ओव्या तिने लहानपणापासून ऐकल्यात, आणि त्या ओव्यांत माहेर म्हणजे सुख नि सासर म्हणजे दुखणं हे आधीपासून आहेच. तिला फक्त अवयव बसवायचे होते:

किडनीला माझ्या माहेरी आई रीनल हाक मारी
सासरी सूज आली, नेफ्रायटिस म्हणती सारी

फुप्फुस ग माहेरात पल्मोनरी म्हणविलं
सासरी भरला ताप, न्यूमोनिया नाव दिलं

शीर ग माहेरी व्हीनस, सलाईन तिला लावलं
सासरी झाली लाल, फ्लेबायटिस नाव गावलं

तिसरी ओवी तर सरळ वॉर्डमधून उचललेली आहे. हाताला सुई लावून ठेवलेली शीर लाल होते, दुखते, कडक लागते, नर्सला हे रोज बघावं लागतं. शीर म्हणजे लॅटिन व्हेना, त्यावरून इंट्राव्हीनस. ग्रीकमध्ये शिरेला फ्लेब्स, त्यावरून फ्लेबायटिस. पुस्तकात ही दोन नावं बरीच लांब लांब येतात त्यामुळे एकच शीर आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही, ओवीत ती दोन ओळींत शेजारी आली.

नाकाची ओवी झाली तेव्हा ती फार खूश होती:

नाक माझं माहेरी नेझल, गाव गोदेकाठी नाशिक
सासरी वाहाया लागलं, ऱ्हायनायटिस, नाही ठीक

लॅटिन नासुस आणि संस्कृत नासा हे एकाच मूळ शब्दाचे वंशज, आणि शूर्पणखेच्या नाकावरून नासिक नाव पडल्याची कथा तर पंचवटीत राहणाऱ्या मुलीला कुणी सांगायची गरज नाही. ग्रीकमध्ये नाकाला ऱ्हिस, त्याचं ऱ्हिनोस, त्यावरून ऱ्हायनायटिस आणि नाकावर शिंग असलेला ऱ्हायनो पण. मग कातडीची क्युटेनिअस नि डर्मटायटिस, जिभेची लिंग्वल नि ग्लोसायटिस, स्तनाची मॅमरी नि मॅस्टायटिस अशा जोड्या तिने स्वतः पुस्तकातून शोधून आणल्या. हे महत्त्वाचं, कारण पहिल्यांदाच ती पुस्तकात काहीतरी शोधायला गेली होती, नाहीतर पुस्तक उघडायचं म्हटलं की तिचं पोट दुखायचं.

आता नियम आहे तर तो मोडणार पण. हिपॅटिक आर्टरी. आजार हिपॅटायटिस आणि वाहिनीही हिपॅटिक, दोन्ही ग्रीक. गॅस्ट्रिकचं तेच, कार्डिअ‍ॅकचं तेच. तिला वाटलं आपलं सगळं चुकलं. मी म्हटलं चुकलं नाही, तेही लिही. तर:

लिव्हरला ग माहेर नाही, हिपॅटिक इथं तिथं
बरं असो की दुखो, नाव बदलत नाही कुठं

माहेर नाही हे खरं म्हणजे पूर्ण बरोबर नाही, लॅटिनमध्ये लिव्हरला येकुर शब्द होता, पण तो आजच्या मेडिकल शब्दांत आला नाही. येकुर म्हणून बघा आणि यकृत म्हणून बघा, दोन्ही एकाच घरातले आहेत, आणि ग्रीक हेपार सुद्धा त्यातलाच. हे मी फळ्यावर लिहिलं तेव्हा खोलीतली सगळीच मुलं वाकून बघायला लागली. उलट बाजूची उदाहरणं पण निघाली, अपेंडिसायटिस, टॉन्सिलायटिस, यात अवयवाचं नाव लॅटिनच राहिलं आणि मागे ग्रीक आयटिस, म्हणजे सूज, चिकटला. त्यावर तिने काही लिहिलं नाही, फक्त वहीत वेगळं पान केलं आणि वर शीर्षक टाकलं, माहेरचं नाव न सोडणाऱ्या. ते पान तिचं आवडतं आहे.

उपसर्गांमध्ये मराठी मुलांना मोठा फायदा आहे आणि तो कुणी वापरत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. ग्रीक हायपर म्हणजे आपला उपरि, हायपो म्हणजे उप, पेरि म्हणजे परि, डिस म्हणजे दुस्, आणि अ किंवा अन् तर जसाच्या तसा. अनिमिया म्हणजे अन् अधिक हायमा, हायमा म्हणजे रक्त. अ‍ॅप्निया म्हणजे श्वास नाही, डिस्प्निया म्हणजे श्वासाचा त्रास. पेरिकार्डियम हृदयाच्या भोवतीचं. परिसर, दुर्गंधी, अनावश्यक, उपसरपंच हे शब्द रोज बोलणाऱ्या मुलीला यात नवीन असं काही नाहीच. हायपर आणि हायपो तर उच्चारात इतके जवळचे की गडबडीत ऐकू येताना चुकतात, आणि शुगरच्या पेशंटमध्ये ती चूक जिवावर बेतते. तिची चारोळी:

उपरि तसं हायपर वर,
उप तसं हायपो खाली;
घाम सुटला, हात थरथरला,
साखर बघा, हायपो झाली.

इथे एक काळजी घ्यावी लागली. तिच्या काकांनी ऐकलं आणि म्हणाले बघा, सगळं आपल्या संस्कृतमधूनच गेलंय. तसं नाही. १७८६ मध्ये कलकत्त्यात विल्यम जोन्स या भाषांच्या अभ्यासकाने हेच मांडलं होतं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोग असू शकत नाही, या भाषा कुठल्यातरी एका समान मुळातून आल्या असाव्यात, आणि ते मूळ कदाचित आता उरलंही नसेल. म्हणजे बहिणी आहेत, एक दुसरीची आई नाही. हे मुलांना सांगितलंच पाहिजे कारण नाहीतर ती कुठलाही सारखा दिसणारा शब्द जोडत सुटतात. तेच झालं. तिने पेडिअ‍ॅट्रिक वॉर्डवर ओवी केली आणि त्यात पाय घातले, पेड म्हणजे पद म्हणून. पद आणि लॅटिन पेस, पेडिस हे नातं खरं आहे, पेडल त्याच्यातूनच. पण पेडिअ‍ॅट्रिकमधला पेड ग्रीक पाइस, पाइडोसवरून येतो, म्हणजे मूल. ओवी छान होती आणि पूर्ण खोडावी लागली, ती जरा हिरमुसली पण खोडली.

दुसरी फसलेली कविता हिमोफिलियाची. हिमो रक्त, फिलिया प्रेम. तिने रक्तावर प्रेम करणाऱ्या माणसाची चारोळी केली, आणि टेस्टमध्ये आजार काय ते लिहिताना गोंधळली, कारण खरा आजार म्हणजे रक्त नीट गोठत नाही, रक्तस्राव थांबत नाही, आणि तिच्या कवितेत ते कुठेच नव्हतं. आर्टरीचंही असंच, ग्रीकमध्ये आर्टेरिया म्हणजे आधी श्वासनलिका, मेलेल्या शरीरात धमन्या रिकाम्या दिसायच्या म्हणून जुन्या लोकांना त्यात हवा असते असं वाटायचं, त्यात रक्त असतं हे पुढे गॅलनने दाखवलं. म्हणजे नाव ठेवणाऱ्याची समजूत नावात राहून गेलेली असते. तेव्हापासून तिच्या वहीत प्रत्येक कवितेखाली एक साधं वाक्य असतं, आजार नक्की काय, गद्यात. हे वाक्य नसेल तर मी कविता तपासत नाही.

आणखी एक गोष्ट कवितेने सुटली नाही, स्पेलिंग. कविता देवनागरीत, पेपर इंग्रजीत. इलियम नावाचा आतड्याचा भाग आणि इलियम नावाचं कमरेचं हाड, देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, इंग्रजीत मधलं अक्षर वेगळं, एकात ई आणि एकात आय. न्यूमोनियाच्या सुरुवातीचा पी बोलत नाही पण लिहावा लागतो. डायरियात दोन आर आणि त्याच्यामागे एच. यासाठी आम्ही वेगळा रोजचा सराव ठेवला, ती कविता म्हणते आणि मोठा शब्द आला की इंग्रजीत लिहिते. कंटाळवाणं आहे, पण याला दुसरा मार्ग मला तरी सापडला नाही.

उपयोग झाला की नाही? मी मार्क सांगत नाही, एकीच्या मार्कांवरून कुणी निष्कर्ष काढू नये. मला जे दिसलं ते सांगते. पोस्टिंगला तिने केस पेपरवर कोलेसिस्टेक्टमी वाचलं, हा शब्द आम्ही केलेलाच नव्हता, आणि तिने तिथेच फोडला, कोले पित्त, सिस्ट पिशवी, एक्टमी काढणं. वॉर्डच्या सिस्टरनी विचारलं पेशंटचं काय झालंय, तर ही म्हणाली पित्ताची पिशवी काढलीय. हे मला तिने फोनवर सांगितलं आणि आवाज असा होता की मी स्वयंपाक थांबवून ऐकत उभी राहिले. पायलोनेफ्रायटिसला मात्र अडकली, पायलो माहीत नव्हता, पण नेफ्रायटिस आहे म्हणजे किडनीची सूज आहे एवढं तिने बरोबर सांगितलं. अर्धा शब्द कळणं आणि काहीच न कळणं यात फार फरक आहे. आधी ती अशा वेळी मान खाली घालायची.

मग तिच्या ओव्या मैत्रिणींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्या, सगळ्यांना आवडल्या, माहेर सासर म्हणून हसल्या. पण त्यातल्या ज्या दोघी माझ्याकडे येतात त्यांना तयार ओव्यांचा तिच्याइतका उपयोग झाला नाही. मजा आली, पाठही झाल्या, पण नवीन शब्द फोडता आला नाही. मग त्यांनाही स्वतःच्या लिहायला लावल्या, एकीला कविता बिलकुल जमत नाही, तिने म्हणी केल्या, ब्रॅडी बैलगाडी टॅकी टॅक्सी, म्हणजे ब्रॅडिकार्डिया सावकाश आणि टॅकिकार्डिया जोरात. तिचं काम त्यावर झालं. मानसशास्त्रात यावर जुना प्रयोग आहे, १९७८ मध्ये स्लामेका आणि ग्राफ यांनी दाखवलं होतं की नुसता वाचलेल्या शब्दापेक्षा स्वतः तयार केलेला शब्द जास्त लक्षात राहतो. म्हणून कुणी या ओव्या छापून वाटायचं म्हटलं तर मी नको म्हणते. वाटायच्याच असतील तर एक ओळ वाटा, दुसरी ओळ मुलांना लिहू द्या.

माणसांच्या नावावरून पडलेले आजार, औषधांची नावं, यात फोडण्यासारखं काही नसतं त्यामुळे तिथे ही पद्धत लावायला जाऊ नये. पार्किन्सन फोडून काय निघणार.

सध्या आम्ही औषधांच्या चिठ्ठीवरच्या खुणांपाशी आहोत. त्याही लॅटिनच, बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस तीनदा, स्टॅट म्हणजे स्टाटिम, ताबडतोब, एसओएस म्हणजे सि ओपुस सित, गरज पडली तर. बिस आणि द्वि, तेर आणि त्रि हे तिने सांगायच्या आधीच ओळखलं आणि लगेच ओवी करायला बसली. तिला मी थांबवलं. ओडी हे दिवसातून एकदा म्हणूनही लिहितात आणि डोळ्यांच्या कागदावर तेच उजवा डोळा म्हणून असतं, ओक्युलस डेक्स्टर. अशा ठिकाणी ओवीतलं उत्तर पटकन ओठावर आलं तर तेच धोक्याचं. त्यामुळे इथे कविता नाही असं ठरलंय. खुणा वाचायला शिकायच्या, स्वतः लिहिताना पूर्ण शब्द लिहायचा, आणि जराही शंका आली तर ज्याने चिठ्ठी लिहिली त्यालाच विचारून घ्यायचं. तिला हे पटलंय, पण तेरवर केलेली अर्धी ओवी अजून वहीत आहे, ती खोडायला तयार नाही.